विधेयक मंजूर झाल्याची बातमी आणि तालुक्यात ‘अजून आदेश नाहीत’: मधे नेमकं काय घडतं?

शहादेकर (प्रश्न):

राम राम मंडळी.

ग्रामसभेचं काम करणाऱ्या तरुणांसाठी एक टिपण तयार करतोय. शहादा, तळोदा, अक्कलकुवा भागातून सारखा एकच प्रश्न येतो. अधिवेशनात अमुक विधेयक मंजूर झालं असं पेपरात येतं आणि महिन्याभराने तहसीलमध्ये विचारलं की ‘वरून काही आलं नाही’. लोकांना वाटतं समोरचा माणूस टाळतोय. कधी टाळतही असेल, पण बऱ्याचदा त्याच्या हातात लागू झालेला कायदाच नसतो.

मला विभागातल्या मसुद्यापासून गावात अंमल होईपर्यंतचे टप्पे हवेत. विधेयक कुठे पडून राहतं, कुठे मरतं? विधान परिषदेने अडवलं तर संसदेसारखी संयुक्त बैठक होते का? राज्यपालांनी सही केली नाही तर? आणि आपण सूचना किंवा हरकत कधी दिली म्हणजे तिचा उपयोग होतो? कुठला कागद बघायचा तेही सांगा, नुसती पुस्तकी उत्तरं नकोत.

तापीकाठ:

आधी राज्याचं सांगतो. ग्रामपंचायत, जमीन महसूल, बाजार समिती, सहकार हे गावाला रोज लागणारे कायदे विधानमंडळातच होतात.

सुरुवात विभागात होते. विभाग प्रस्ताव तयार करतो, खर्चाचा भाग असेल तर वित्त विभागाचा अभिप्राय घेतो, विधि व न्याय विभाग मसुदा तपासतो आणि मग विषय मंत्रिमंडळापुढे जातो. ‘मंत्रिमंडळाची मान्यता’ ही बातमी या टप्प्यावरची असते. त्या दिवशी विधेयक सभागृहात पोचलेलंही नसतं. गावातला निम्मा घोळ या बातमीपासून सुरू होतो.

पुढचा टप्पा पुरःस्थापनेचा. मंत्री विधेयक मांडतो, त्याला क्रमांक मिळतो (‘सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक तमुक’) आणि प्रती आमदारांना वाटतात. सविस्तर चर्चा त्या दिवशी सहसा होत नाही. नंतर ‘विधेयक विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव येतो. इथे असा कायदा मुळात हवा की नको यावर बोलतात, आणि विधेयक समितीकडे पाठवा अशी मागणीही इथेच करता येते. ती मान्य झाली नाही तर खंडशः (म्हणजे विधेयकातल्या एकेका कलमाचा) विचार सुरू होतो. एकेका खंडावर आधी दुरुस्त्या मताला टाकतात, मग खंड. शेवटी ‘विधेयक संमत करावे’.

पुस्तकात ही तीन वाचनं ऐसपैस वाटतात. सभागृहात मात्र दुरुस्त्या आलेल्या नसतील तर दहा-पंधरा खंड एकदमच मताला टाकून काही मिनिटांत निघतात. दुरुस्तीची सूचना लेखी आणि आधी द्यावी लागते. लोकसभेच्या नियमात ती विचाराच्या किमान एक दिवस आधी हवी. त्यामुळे आमदाराला गाठायचं ते पुरःस्थापनेच्या दिवशीच. चर्चेच्या सकाळी निवेदन नेऊन दिलं तर त्याचा भाषणात उल्लेख होतो, मजकूर बदलत नाही.

मतांचा हिशेब असा. २८८ जणांच्या विधानसभेत गणपूर्तीला (कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला) एक दशांश म्हणजे २९ सदस्य लागतात, ७८ जणांच्या परिषदेत किमान १०. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं, एकूण सदस्यसंख्येचं लागत नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने निघतात आणि त्यात कोणी कुठल्या बाजूने मत दिलं याची नावानिशी नोंद राहत नाही. आपल्या आमदाराचं मत नंतर शोधायचं असेल तर मतविभागणी झालेली हवी. ती सदस्याने मागायची असते.

आता परिषद. राज्यात संयुक्त बैठक नाही. ती तरतूद फक्त संसदेला आहे (अनुच्छेद १०८) आणि तिथेही विधेयकासाठी ती तीनदाच वापरली गेली: १९६१, १९७८ आणि २००२. राज्यात अनुच्छेद १९७ लागतो. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक परिषदेने फेटाळलं, तीन महिन्यांवर लटकवलं किंवा विधानसभेला न पटणाऱ्या दुरुस्त्या घातल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून पाठवू शकते. दुसऱ्या खेपेला परिषदेच्या हातात एकच महिना राहतो. त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचं मानलं जातं. म्हणजे परिषद उशीर करू शकते, मारू शकत नाही. धन विधेयक (कर आणि सरकारी पैशाबद्दलचं) असेल तर १४ दिवसच. ते धन विधेयक आहे की नाही हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. उलट बाजूने मात्र असं नाही. परिषदेत सुरू झालेलं विधेयक विधानसभेने नाकारलं की ते संपलं.

तरीही परिषदेला कमी लेखू नका. परिषदेतल्या प्रश्नोत्तरांत एखादी चूक उघडी पडली की सरकार स्वतःच दुरुस्ती आणतं. तसं झालं तर विधेयक त्या दुरुस्तीपुरतं पुन्हा विधानसभेत येतं.

अक्राणी वाट:

आपल्या भागाला सगळ्यात चांगलं उदाहरण वनहक्क कायद्याचं (वनजमिनीवर राहणाऱ्या-कसणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या कायद्याचं) आहे. तो केंद्राचा आहे, पण टप्पे सगळे दिसतात, तेव्हा टिपणात हाच घ्या.

१३ डिसेंबर २००५ ला विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्या मसुद्यात फक्त अनुसूचित जमाती होत्या, ताब्याची अट २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीची होती आणि कमाल क्षेत्र अडीच हेक्टर होतं. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीचा अहवाल मे २००६ मध्ये आला. पुढे डिसेंबर २००६ मध्ये जे मंजूर झालं त्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आले, ताब्याची तारीख १३ डिसेंबर २००५ झाली आणि कमाल मर्यादा चार हेक्टर झाली. १९८० ऐवजी २००५! सातपुड्यातल्या किती कुटुंबांचा दावा या एका आकड्यावर उभा आहे, याचा विचार करा. हा बदल भर सभागृहातल्या गदारोळात झाला नाही. समितीपुढे गेलेल्या लेखी निवेदनांनी आणि साक्षींनी त्याची जमीन तयार केली.

२९ डिसेंबर २००६ ला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. कायद्याच्या नावात २००६ आहे, पण अधिनियम क्रमांक ‘२००७ चा २’ आहे. अनुमती वर्षाच्या टोकाला मिळाली आणि क्रमांक पुढच्या वर्षात पडला. अर्ज-अपिलात चुकीचा क्रमांक लिहिला जातो तो यामुळे.

एवढं होऊनही कायदा लागू नव्हता. केंद्र सरकार अधिसूचनेने नेमील त्या दिवशी तो अमलात येईल, असं कलम १ मध्येच लिहिलं होतं. ती तारीख आली ३१ डिसेंबर २००७. नियम निघाले १ जानेवारी २००८ ला. अनुमतीपासून वर्षभर कायदा पुस्तकात होता आणि दावा घ्यायला नमुना नव्हता, समित्या नव्हत्या. त्या वर्षी धडगावात कोणी अर्ज घेऊन गेलं असतं तर ‘आदेश नाहीत’ हे उत्तर खरंच असतं.

पेसाचं, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायती आणि ग्रामसभांच्या कायद्याचं, अंतर याहून मोठं आहे. केंद्राचा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात त्यासाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, पण महाराष्ट्राचे पेसा नियम आले २०१४ मध्ये. मधल्या सतरा-अठरा वर्षांत ग्रामसभेला कायद्याने अधिकार होते, पण ते बजावायचे कसे, कोषाचा हिशेब कसा ठेवायचा, बैठक कोणी बोलवायची हे तपशील नव्हते. नियमांना दुय्यम समजणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण सांगावं.

वकील धुळे:

सहीचा प्रश्न राहिला आहे, तो मी घेतो.

दोन्ही सभागृहांतून निघालेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल अनुमती देतात, किंवा धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी संदेशासह परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत आलेलं विधेयक विधानमंडळाने बदल करून वा न करता पुन्हा संमत केलं, तर राज्यपालांना अनुमती रोखता येत नाही. ‘अनुमती रोखणं’ हा शब्दही त्या अनुच्छेदात आहे, पण परत न पाठवता नुसतं रोखून विधेयक संपवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे.

मुदतीबद्दल गोंधळ आहे, तेव्हा नीट लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपाल-राष्ट्रपतींसाठी मुदती घातल्या होत्या. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचा अभिप्राय मागितला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं. न्यायालय असं वेळापत्रक लादू शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून अनुमती मिळाली असं मानता येत नाही. मात्र राज्यपाल कारण न देता दीर्घकाळ काहीच करत नसतील तर ‘निर्णय घ्या’ एवढा मर्यादित निर्देश न्यायालय देऊ शकतं. समाजमाध्यमांवर अजून ‘तीन महिन्यांत आपोआप कायदा’ असे संदेश फिरतात. टिपणात ते येऊ देऊ नका.

राष्ट्रपतींकडे जाणं हा खरा लांबचा रस्ता. समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची अनुमती मिळाली तरच तो त्या राज्यात टिकतो (अनुच्छेद २५४). महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांबद्दलचं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक बघा. डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, दोन्ही सभागृहांच्या समितीने तपासलं, डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याने दुरुस्त्या सुचवल्या होत्या, म्हणून ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि कायदा झालं नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून त्या दोन्ही संहितांच्या जागी नवे कायदे आले. ज्या कलमांत दुरुस्ती करायची होती तीच उरली नाहीत. तरीही ‘शक्ती कायद्याखाली गुन्हा नोंदवा’ अशी मागणी करणारी निवेदनं येत राहतात.

विधेयक मरण्याची आणखी एक जागा आहे. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेलं, किंवा तिने मंजूर करून परिषदेत अडकलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. समितीकडे असलेलंही त्यातच जातं. फक्त परिषदेत मांडलेलं आणि विधानसभेने अजून हातात न घेतलेलं तेवढं वाचतं. नुसतं सत्र संपलं म्हणून विधेयक जात नाही. सत्रसमाप्ती आणि विसर्जन यांत लोक गल्लत करतात.

शहादेकर:

फारच कामाचं. दोन गोष्टी अजून. अनुसूचित क्षेत्राला (घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागाला) कायदे वेगळे लागतात असं कोणी सांगतं, कोणी म्हणतं आपोआप लागत नाहीत. खरं काय? आणि अध्यादेश निघाला तर हे सगळे टप्पे टळतात का?

चोपडा-यावल:

आपोआप लागतात. हे ठळक करून लिहा, कारण उलटा समज फार पसरलाय.

१९८५ च्या आदेशाप्रमाणे नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, नंदुरबार आणि शहाद्यातली ठराविक गावं, धुळ्याकडे साक्री-शिरपूरचा भाग आणि जळगावात चोपडा, यावल, रावेरची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. विधानमंडळाचा किंवा संसदेचा कायदा इथे इतर गावांसारखाच लागतो. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ प्रमाणे राज्यपाल अधिसूचना काढून सांगू शकतात की अमुक कायदा इथे लागणार नाही, किंवा अमुक बदलांसह लागेल. अधिसूचना नसेल तर कायदा जसाच्या तसा. पंचायतींबद्दलचा घटनेचा भाग ९ मात्र घटनेनेच या क्षेत्रांतून वगळला होता (अनुच्छेद २४३-ड, इंग्रजीत 243M). म्हणून पेसा वेगळा करावा लागला. त्या एका अपवादावरून लोकांनी सगळ्याच कायद्यांचा नियम करून टाकलाय.

हा अधिकार कसा वापरला जातो याचं उदाहरण म्हणजे मे २०२० ची अधिसूचना. वनहक्क कायद्याचं कलम ६ महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रापुरतं बदललं आणि जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे दाद मागायची सोय झाली. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता. म्हणजे नंदुरबारला दावा फेटाळला गेला तर नाशिकला विभागीय पातळीवर जाता येतं. हा बदल कुठल्याही सभागृहात विधेयक म्हणून आला नव्हता. त्यामुळे अधिवेशनावर कितीही लक्ष ठेवलं तरी असा बदल तिथे सापडत नाही, राजपत्रच बघावं लागतं.

तापीकाठ:

अध्यादेशाने टप्पे टळत नाहीत, पुढे ढकलले जातात. दोन्ही सभागृहं एकाच वेळी चालू असताना तो काढता येत नाही. काढला की त्याच दिवसापासून कायद्याइतकाच जोर. पण पुढचं अधिवेशन सुरू झालं की सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक मंजूर व्हावं लागतं, नाहीतर तो संपतो. सभागृहांची तारीख वेगळी असेल तर नंतर बसणाऱ्यापासून मोजायचं.

तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं चालवण्याची सवय बिहारमध्ये लागली होती. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी एकेक राजपत्र तपासून हे बाहेर काढलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेची फसवणूक ठरवली. राजपत्र चिकाटीने वाचण्याने काय होतं ते यात दिसतं.

गावपातळीवर तपासायचं एवढंच: हातातला कागद अध्यादेश आहे की अधिनियम. अध्यादेशाच्या आधारे अर्ज केला असेल तर पुढच्या अधिवेशनानंतर त्याच विषयाचा अधिनियम आला का ते बघा. येताना मजकूर बदललेला असू शकतो.

राजपत्र वाचक:

आता कागदांवर येतो. एवढं बघता आलं तरी ‘वरून आलं नाही’ हे खरं की खोटं ते तुम्हीच ठरवू शकाल.

छापील विधेयक हातात आलं की लोक पहिल्या पानापासून वाचतात. मी म्हणेन शेवटून वाचा. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, त्यात कायदा का आणला ते साध्या भाषेत असतं. त्याला लागून वित्तीय ज्ञापन असेल तर ते अजिबात सोडू नका. त्यात नवीन पदं, नवीन कार्यालय, त्यासाठी पैसा यांचा उल्लेख नसेल आणि खंडांत मात्र नवीन प्राधिकरण उभं केलेलं असेल, तर अंमलबजावणी आहे त्याच माणसांच्या डोक्यावर पडणार आहे आणि रखडणार आहे. तिसरं ज्ञापन वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचं. कोणत्या खंडात सरकारला नियम करण्याचा किंवा अधिसूचना काढण्याचा अधिकार दिलाय त्याची यादीच तिथे मिळते.

अनुमती मिळाल्यावर अधिनियम महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग चारमध्ये मराठीत येतो, इंग्रजी पाठ भाग आठमध्ये. उच्च न्यायालयात वाद गेला तर इंग्रजी पाठ अधिकृत धरला जातो, म्हणून महत्त्वाच्या कलमाला दोन्ही ताडून बघा.

मग कलम १. त्यात तीनपैकी एक काहीतरी असतं. तारीख दिलेली असेल तर प्रश्न मिटला. ‘शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास’ असं असेल तर ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा झोपलेला आहे. काहीच लिहिलं नसेल तर राज्याच्या सर्वसाधारण खंड अधिनियमाप्रमाणे अनुमती राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून तो लागतो. केंद्राच्या कायद्याला इथे फरक आहे, तो राष्ट्रपतींच्या अनुमतीच्या दिवसापासून. काही कायद्यांत कलमं टप्प्याने सुरू होतात. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात काही कलमं लगेच आणि बाकीची १२० व्या दिवसापासून, म्हणून १५ जून २००५ चा कायदा प्रत्यक्षात १२ ऑक्टोबर २००५ पासून वापरता आला.

यानंतर अधिनियमात ‘विहित’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने खूण करा. विहित नमुना, विहित शुल्क, विहित मुदत, विहित अधिकारी. यातलं प्रत्येक नियमांतून यायचं असतं. नियम राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये बघा. ते निघालेले नसतील तर तहसीलदाराकडे अर्ज घ्यायला नमुना नाही आणि तुमचा अर्ज कायद्याने तपासायची पद्धतही नाही. उलट नियम निघालेले असतील, तारीख सुरू झालेली असेल, आणि तरी ‘परिपत्रक आलं नाही’ म्हणून अर्ज नाकारला जात असेल, तर ते चूक आहे. कायदा लागू व्हायला परिपत्रक लागत नाही. अर्ज आवक करून पोच मागा, आणि नाकारत असतील तर लेखी कारण मागा.

शासन निर्णयाबद्दल एक वाक्य: तो कायद्याच्या आणि नियमांच्या खालचा. त्यातलं काही कलमाच्या विरुद्ध जात असेल तर कलम चालतं.

अक्राणी वाट:

सूचना कधी द्यायच्या याचं उत्तर राहिलं होतं. माझ्या मते दोनच जागा खऱ्या फलदायी आहेत.

एक, समिती. संयुक्त (दोन्ही सभागृहांच्या) किंवा प्रवर (एकाच सभागृहाच्या) समितीकडे विधेयक गेलं की जनतेकडून लेखी सूचना मागवल्या जाऊ शकतात, त्याची मुदत जाहीर होते. बोगस बियाणं-खतांबाबतची पाच विधेयकं २०२३ मध्ये अशीच संयुक्त समितीकडे गेली होती. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्यात थेट म्हणणं होतं, शेतकऱ्यांचं एक आणि कृषी केंद्रवाल्यांचं दुसरं. निवेदनात ‘हा कायदा अन्यायकारक आहे, रद्द करा’ एवढंच लिहिलं तर समितीला त्याचं काही करता येत नाही. असं लिहा: ‘खंड ४, पोटखंड (२) मधील अमुक शब्दांऐवजी हे शब्द घालावेत, कारण…’ आणि खाली एक ठोस प्रसंग. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन वाढतं. एका कागदावर एकच खंड ठेवा, म्हणजे समितीच्या कार्यालयाला तो खंडवार लावता येतो.

दोन, नियमांचा मसुदा. बऱ्याच कायद्यांत नियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावे लागतात आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते, ती बहुधा ३० दिवसांची असते. तोवर बातम्या थांबलेल्या असतात, मोर्चे संपलेले असतात, आणि गावाचं रोजचं काम ज्यावर चालणार तो मजकूर नेमका तेव्हाच ठरत असतो. कुठला पुरावा चालेल, किती दिवसांत निर्णय, कोणाकडे अपील, हे सगळं तिथे असतं.

वकील धुळे:

तारखेचा पत्ता लागत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, पण तहसीलकडे नको, त्यांच्याकडे ते नसतं. ज्या विभागाचं विधेयक होतं त्या मंत्रालयीन विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपये शुल्कासह. मजकूर एवढाच पुरे: ‘सन अमुकचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक तमुक याच्या कलम १ खाली अंमल सुरू केल्याची अधिसूचना, तिचा दिनांक व प्रत; या अधिनियमाखाली केलेल्या नियमांची अधिसूचना व प्रत; नियम झालेले नसल्यास मसुद्याची सद्यस्थिती.’ ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘कायदा कधी लागू होणार’ असा प्रश्न विचारू नका, तो मत विचारणारा ठरवून फेटाळतात. कागदच मागा.

शहादेकर:

आभारी आहे सगळ्यांचा. वनहक्काच्या तारखांचा तक्ता आणि ‘विहित’वाली खूण, दोन्ही टिपणात घेतो. विधेयक समितीकडे गेल्याची जाहीर सूचना दिसली तर याच धाग्यावर टाकत जा, म्हणजे मुदत संपायच्या आत ग्रामसभा बोलावता येईल.